ब्राह्मी घ्यायची तर नीट घ्या: रोप ओळखण्यापासून बारा आठवड्यांच्या नोंदीपर्यंत

स्मरणशक्तीसाठी काय घ्यावं असं विचारलं की दहांतले नऊ जण ब्राह्मीचं नाव घेतात. ते नाव योग्यच आहे. आयुर्वेदातल्या बुद्धीवर्धक वनस्पतींपैकी ब्राह्मीवर आधुनिक पद्धतीने बराच अभ्यास झाला आहे आणि त्यातून काही ठोस गोष्टी हाती आल्या आहेत. तरीही ब्राह्मी घेणाऱ्यांपैकी अनेकांना काहीच फरक जाणवत नाही. त्याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात: हातातली वनस्पती वेगळीच असते, मात्रा नाममात्र असते, किंवा तीन आठवड्यांत कंटाळून डबा कपाटात मागे सरकवला जातो. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. ज्या क्रमाने लिहिलाय त्याच क्रमाने पुढे जा. पहिली पायरी तर अजिबात गाळू नका.

पहिली पायरी: विसरायला का होतंय ते आधी पाहा

ब्राह्मीचा डबा उघडण्याआधी हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण विसरण्याची कितीतरी कारणं अशी असतात की त्यावर ब्राह्मीचा काडीचा उपयोग नसतो, आणि ती कारणं शोधली तर विसराळूपणा बराचसा कमी होतो.

सगळ्यात आधी जीवनसत्त्व बी १२. शाकाहारी माणसांमध्ये त्याची कमतरता वारंवार आढळते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत, तसंच ॲसिडिटीच्या गोळ्या रोजच्या रोज खाणाऱ्यांतही ते कमी होतं. मग थायरॉइड: ते मंदावलं की विचारही मंदावतो. ही दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतात. त्यानंतर झोप. रात्री जोरात घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकून दचकून उठणाऱ्या माणसाला दिवसा काही आठवत नसेल तर त्याला आधी झोपेची तपासणी हवी. नैराश्यात माणूस ‘मला काही लक्षातच राहत नाही’ अशीच तक्रार घेऊन येतो. वयस्कर मंडळींना नीट ऐकू येत नसेल तर त्यांनी सांगितलेलं विसरलेलं नसतं, ते मुळात ऐकलेलंच नसतं. आणि औषधांची यादीही एकदा डॉक्टरांना दाखवा. सर्दी-ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, वारंवार लघवीला होऊ नये म्हणून दिलेली काही औषधं यांनी स्मरण धूसर होतं, विशेषतः साठीनंतर.

ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारणं, पैशांच्या व्यवहारात नव्याने गोंधळ होणं, अशी लक्षणं दिसली तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे जा. आणि एखादं माणूस काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक भांबावलं, असंबद्ध बोलू लागलं तर थेट रुग्णालय गाठा. वयस्कर माणसांत साधा मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा रक्तातलं सोडियम कमी होणं एवढंही त्याला पुरतं. तिथे कुठलीही वनस्पती देत बसून वेळ घालवू नका.

दुसरी पायरी: हातात कोणती ब्राह्मी आहे?

महाराष्ट्रात ‘ब्राह्मी’ म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती चालतात. रोपवाटिकेतून आणलेली, आजीच्या तेलात पडणारी, गोल पानांची जी ब्राह्मी आपल्याकडे सर्रास दिसते ती प्रत्यक्षात मंडूकपर्णी असते. काही भागांत तिला कारिवणा म्हणतात. शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका, कोथिंबिरीच्या कुळातली. दुसरी बाकोपा मोनिएरी, जिला नीरब्राह्मी किंवा जलब्राह्मी म्हणतात. केरळात ब्राह्मी म्हटलं की हीच समजली जाते, आणि भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथानेही ‘ब्राह्मी’ हे नाव बाकोपाला व ‘मंडूकपर्णी’ हे नाव सेंटेलाला दिलं आहे. स्मरणशक्तीवरचे जे अभ्यास पुढे सांगणार आहे ते बाकोपावरचे आहेत. त्यामुळे हा फरक कळणं फार महत्त्वाचं.

ओळखायला अवघड काहीच नाही. मंडूकपर्णीचं पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बोथट दाते असलेलं, आणि लांब देठावर एकटं उभं असतं. देठ जिथे जोडलेलं असतं तिथे पानाला खोल खाच असते. पान चुरडलं की हलका हिरवा, कोथिंबिरीच्या कुळाची आठवण करून देणारा वास येतो. नीरब्राह्मीचं पान लहान, एक-दोन सेंटिमीटरचं, जाडसर, मांसल, टोकाला गोल आणि देठाकडे निमुळतं. कडा सपाट, दाते नाहीत. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि त्यांना जवळजवळ देठच नसतं. खोड रसाळ, जमिनीवर पसरणारं, आणि पेरापेरातून पांढरी मुळं फुटतात. फुलं पांढरी किंवा फिकट जांभळट, एकेकटी, बारीक लांब देठावर. पान चावलं की चांगलंच कडू लागतं. ही कडू चव लक्षात ठेवा, पुढे चूर्ण घेतानाही ती उपयोगी पडते.

आता दोन्हींची तोतया भावंडं. नीरब्राह्मीसारखी दिसणारी म्हणजे घोळ आणि चिवळ. त्याही मांसल, पसरणाऱ्या. पण त्यांची खोडं बहुधा लालसर असतात, चव आंबटसर आणि फूल पिवळं. पिवळं फूल दिसलं की ती ब्राह्मी नाही, विषय संपला. मंडूकपर्णीच्या जागी रोपवाटिकांत कधी कधी हायड्रोकोटाइल नावाचं शोभेचं पाणरोप मिळतं. त्याचं पान गोल, चकचकीत, छोट्या छत्रीसारखं असतं. पान उलटं करून देठ कुठे जोडलंय ते पाहा: पानाच्या बरोबर मधोमध जोडलेलं असेल तर ती मंडूकपर्णी नव्हे.

मग मंडूकपर्णी खोटी का? मुळीच नाही. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात जी चार मेध्य, म्हणजे बुद्धीवर्धक, रसायनं सांगितली आहेत त्यांत पहिलं नाव मंडूकपर्णीच्या स्वरसाचंच, म्हणजे ताज्या रसाचंच आहे. पुढची तीन म्हणजे दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि मुळं-फुलांसकट वाटलेल्या शंखपुष्पीचा लगदा, म्हणजे कल्क. त्यातही शंखपुष्पीला विशेष मेध्य म्हटलं आहे. मंडूकपर्णी ही परंपरेने मान्य केलेली, स्वतःचे गुण असलेली वनस्पती आहे. पण तिची घटकद्रव्यं वेगळी, मात्रा वेगळी आणि सावधगिरीही वेगळी. एकीवरचा अभ्यास दुसरीच्या डब्यावर चिकटवून चालत नाही, आणि बाजारात तेच होत असतं. इथून पुढे ‘ब्राह्मी’ म्हणजे बाकोपा असं धरून चाला.

तिसरी पायरी: काय मिळू शकतं, काय नाही

ब्राह्मीतल्या ज्या घटकांवर सगळ्यांचं लक्ष आहे त्यांना बॅकोसाइड म्हणतात. ही सॅपोनिन वर्गातली द्रव्यं. १९६० च्या दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती वेगळी काढली गेली. रोप जरा पाण्यात घोळलं की जो बारीक फेस येतो तो सॅपोनिनचाच.

माणसांवरच्या अभ्यासांपैकी दोन समजून घेतले की अपेक्षा जागेवर येतात. २००१ साली ऑस्ट्रेलियात ४६ निरोगी प्रौढांवर एक अभ्यास झाला. अर्ध्यांना रोज ३०० मिलिग्रॅम ब्राह्मीचा अर्क, अर्ध्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. परीक्षा पाचव्या आणि बाराव्या आठवड्यात. शिकण्याचा वेग आणि शिकलेलं टिकण्यातला फरक सगळ्यात स्पष्ट दिसला तो बाराव्या आठवड्यात. त्याच वर्षी एकच मात्रा देऊन दोन तासांनी तपासणी केलेल्या दुसऱ्या अभ्यासात काहीही फरक आढळला नाही. म्हणजे परीक्षेच्या सकाळी घेतलेली ब्राह्मी त्या पेपरला काही देत नाही.

दुसरा अभ्यास २००२ चा, ४० ते ६५ वयाच्या ७६ जणांवरचा. त्यात नवीन गोष्ट शिकण्याचा वेग बदलला नाही, पण शिकलेलं विसरण्याचं प्रमाण कमी झालं. मला या निष्कर्षात ब्राह्मीचं खरं काम दिसतं. ती आत गेलेलं धरून ठेवायला मदत करते. आत घालायचं काम, म्हणजे वाचणं, लक्ष देणं, उजळणी करणं, हे आपल्यालाच करावं लागतं. २०१२ मध्ये अशा सहा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हाही हेच चित्र होतं: न बघता आठवून सांगण्याच्या १७ चाचण्यांपैकी ९ मध्ये सुधारणा, आणि बुद्धीच्या इतर क्षमतांबद्दल फारसा पुरावा नाही.

हे अभ्यास लहान आहेत, परिणामही माफक आहे. अल्झायमर किंवा दुसरा स्मृतिभ्रंश ब्राह्मीने बरा होतो असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. शाळकरी मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. परीक्षा तोंडावर आली की घरात ब्राह्मीच्या बाटल्या येतात. बारा आठवड्यांचं गणित पाहिलं तर मार्चच्या परीक्षेसाठी फेब्रुवारीत सुरू केलेल्या बाटलीतून मुलाच्या हाती पोटदुखीच लागण्याची शक्यता जास्त. मुलांना द्यायचीच असेल तर वजन-वय पाहून वैद्यांनीच ठरवावं. आणि ज्या मुलाची झोप सहा तासांवर आली आहे त्याला आधी झोपू द्या.

चौथी पायरी: कुणी घेऊ नये, कुणी विचारून घ्यावी

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी स्वतःच्या मनाने ब्राह्मी घेऊ नये, त्यांच्यासाठी सुरक्षिततेची पुरेशी माहिती नाही. ज्यांचे नाडीचे ठोके मुळातच संथ आहेत, पोटात अल्सर आहे, दमा आहे, किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. ब्राह्मीमुळे ॲसिटिलकोलिन या मेंदूतल्या संदेशवाहक द्रव्याचा प्रभाव वाढू शकतो, आणि या चारही ठिकाणी तो त्रासदायक ठरू शकतो. त्याच कारणाने स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिलसारखी गोळी चालू असलेल्यांनीही आधी विचारावं.

उंदरांवरच्या प्रयोगांत ब्राह्मीने थायरॉइडचं संप्रेरक वाढलेलं दिसलं आहे. माणसांत ते कितपत घडतं हा पुढचा प्रश्न, पण थायरॉइडची गोळी चालू असेल तर ब्राह्मी सुरू करण्याआधी आणि नंतर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी करून घेणं शहाणपणाचं. प्रयोगशाळेत यकृतातल्या काही विकरांवरही, म्हणजे औषधं पचवणाऱ्या एन्झाइमांवरही, तिचा परिणाम दिसतो. त्यामुळे रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन, फिट्सची औषधं, अशी ज्यांची मात्रा काटेकोर सांभाळावी लागते ती औषधं घेणाऱ्यांनी परवानगीशिवाय सुरू करू नये. फिट्सचं औषध तर ब्राह्मी सुरू केली म्हणून एक दिवसही बंद करायचं नाही.

मंडूकपर्णीबद्दल एक वेगळी सूचना: तिच्या गोळ्या घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याच्या थोड्या पण नोंदलेल्या घटना आहेत. यकृताचा आजार असलेल्यांनी ती टाळावी, आणि इतरांनीही महिनोन्‌महिने सलग घेऊ नये.

पाचवी पायरी: चूर्ण, अर्क, रस की तूप?

फार्माकोपियात ब्राह्मी चूर्णाची मात्रा दिवसाला १ ते ३ ग्रॅम आहे, मंडूकपर्णी चूर्णाची ३ ते ६ ग्रॅम. चमच्याचा अंदाज घेऊ नका. एकदा वजनकाट्यावर तोलून आपल्या घरातला कोणता चमचा किती भरला की दोन ग्रॅम होतात ते पाहून ठेवा. चूर्ण स्वस्त, सोपं, पण कडू. ते कडू लागलं नाही, नुसतं गवतासारखं लागलं, तर एक तर माल जुना आहे किंवा ती बाकोपा नव्हे.

वर सांगितलेल्या अभ्यासांत मात्र चूर्ण नव्हतं, प्रमाणित अर्क होता. वाळलेल्या ब्राह्मीत बॅकोसाइड काही टक्केच असतात, अर्कात ते कितीतरी पट दाट होतात. त्यामुळे दोन चिमूट चूर्ण घेऊन अभ्यासातल्या परिणामाची वाट पाहणं व्यर्थ आहे. ज्यांना अभ्यासाच्या जवळ जायचं आहे त्यांनी ३०० मिलिग्रॅम अर्काची कॅप्सूल निवडावी. वेष्टनावर तीन गोष्टी शोधा. पहिली, वनस्पतीचं शास्त्रीय नाव, बाकोपा मोनिएरी. नुसतं ‘ब्राह्मी’ पुरेसं नाही. दुसरी, बॅकोसाइडचं प्रमाण टक्क्यांत आणि ते कोणत्या पद्धतीने मोजलं. यूव्ही आणि एचपीएलसी या मोजण्याच्या दोन प्रयोगशाळा-पद्धती; यूव्हीने मोजलेला आकडा एचपीएलसीपेक्षा बराच मोठा दिसतो, म्हणून दोन डब्यांवरचे आकडे पद्धत न पाहता तुलनेला घेऊ नका. तिसरी, आयुष उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि तारखा.

जड धातूंचा मुद्दा ब्राह्मीत इतर वनस्पतींपेक्षा मोठा आहे. ही वनस्पती दूषित पाण्यातले कॅडमियम, शिसं असे धातू शोषून साठवते. इतकी, की पाणी शुद्ध करण्यासाठी तिचा वापर करता येईल का यावर संशोधन झालं आहे. आयुर्वेदिक औषधांसाठीच्या मर्यादा अशा आहेत: शिसं दशलक्ष भागांत १० पर्यंत, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. उत्पादकाकडे बॅचचा तपासणी अहवाल मागा. चांगला उत्पादक तो देतो. सुटं, कुठून आलं ते माहीत नसलेलं चूर्ण मी तरी घेणार नाही. गटाराकाठची, नाल्याकाठची ब्राह्मी कितीही हिरवीगार दिसली तरी तोडू नका.

ताज्या पानांचा रस घ्यायचा असेल तर दहा ते वीस मिलिलिटर, गाळून, लगेच. ब्राह्मीच्या तेलाबद्दल थोडक्यात: डोक्याला चोळल्याने बरं वाटतं, झोप शांत लागते, ते जरूर करा. पण स्मरणशक्तीसाठी पोटातून घेतलेल्या ब्राह्मीची जागा तेल घेत नाही.

सहावी पायरी: घरी लावायची असेल तर

स्वच्छ पाण्याची खात्री फक्त आपल्या कुंडीत मिळते, आणि ब्राह्मी लावायला अत्यंत सोपी आहे. बी शोधत बसू नका. खात्रीच्या रोपाची बोटभर लांबीची, तीन-चार पेरं असलेली छाट कलमं घ्या. खालच्या दोन पेरांवरची पानं काढा आणि ती पेरं मातीत आडवी दाबा. पावसाळ्याची सुरुवात सगळ्यात उत्तम, पण पाणी देता येत असेल तर कडक थंडी सोडून कधीही चालतं.

खोल कुंडीपेक्षा पसरट ट्रे किंवा टब चांगला, कारण ही आडवी पसरते. निम्मी बागेतली माती, निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत. भोकं कमी किंवा अजिबात नसली तरी चालेल. माती कायम चिंब राहायला हवी, वर बोटभर पाणी साचलं तरी ब्राह्मी कुरकुरत नाही. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन आणि दुपारची सावली मिळाली की पानं गुबगुबीत होतात. पूर्ण सावलीत वेल लांबतो, पानं विरळ येतात. भांडी किंवा कपडे धुतलेलं पाणी घालू नका, कारण वर सांगितलेला शोषण्याचा गुण इथेही लागू होतो. शेतावर मोठ्या प्रमाणात करणाऱ्यांसाठी लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पतींच्या केंद्रीय संशोधन संस्थेने ‘प्रज्ञाशक्ती’ आणि ‘सुबोधक’ असे वाण दिले आहेत.

अडीच-तीन महिन्यांत ट्रे भरून वेल कडेवरून खाली लोंबू लागला की पहिली कापणी. मुळापासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून वरचं कापा, पुन्हा फुटतं. कापलेली ब्राह्मी तीन-चार पाण्यांतून धुवा. मांसल पानांच्या बेचक्यात माती अडकते. गुरं चरतात अशा पाणथळ जागेतली कच्ची पानं तर खाऊच नका, त्यांवर परजीवी असू शकतात.

वाळवणं हा नाजूक भाग. पानं दोन दिवसांत वाळल्यासारखी वाटतात, पण खोडात पाणी राहतं आणि डब्यात गेल्यावर तिथूनच बुरशी सुरू होते. सावलीत, हवेशीर जागी, कापडावर एकच पातळ थर पसरा आणि रोज उलटा. खोड वाकवून पाहा. लवचीकपणे वाकलं तर अजून वेळ आहे, कट्‌कन तुटलं तर झालं. पावसाळ्यात हे घडायला आठवडाभराहून जास्त लागतो, तेव्हा पंख्याखाली ठेवा. मग मिक्सरमध्ये दळा, वस्त्रगाळ करा आणि काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. हे चूर्ण ओल पटकन धरतं, म्हणून ओला चमचा घालायचा नाही. पाच-सहा महिन्यांत संपवा.

सातवी पायरी: ब्राह्मी तूप

ग्रंथोक्त ब्राह्मी घृतात ब्राह्मीच्या रसाबरोबर वेखंड, कोष्ठ आणि शंखपुष्पी असतात, आणि जुनं तूप. ते उन्माद, अपस्मार (फिट्स) अशा आजारांसाठी सांगितलेलं औषध आहे. वेखंड-कोष्ठाचं प्रमाण घरी ठरवू नये, ते तूप वैद्यांकडूनच घ्यावं. घरी करायचं ते नुसत्या ब्राह्मीचं.

स्नेहपाकाचं, म्हणजे औषधी तूप-तेल शिजवण्याचं, प्रमाण ठरलेलं आहे: कल्क एक भाग, तूप चार भाग, द्रव सोळा भाग. म्हणजे १०० ग्रॅम गाईच्या तुपाला २५ ग्रॅम वाटलेली ब्राह्मी आणि ४०० मिलिलिटर रस. एवढ्या रसाला किलोभर तरी ताजी ब्राह्मी लागते, त्यामुळे दोन-तीन ट्रे भरल्याशिवाय या वाटेला जाऊ नका.

जाड बुडाच्या, रुंद पातेल्यात तूप पातळ करा. त्यात कल्क आणि रस घाला. कडा उंच असाव्यात, कारण सुरुवातीला फेस भराभर वर येतो. आच अगदी मंद ठेवा आणि तळ खरवडत हलवत राहा. दोन-अडीच तासांनी फेस विरायला लागतो, खदखदण्याचा आवाज बारीक होतो, तळाशी हिरवा-तपकिरी गाळ जमतो. आता परीक्षा घ्यायची. चमच्याने थोडा गाळ काढा, किंचित गार होऊ द्या आणि दोन बोटांत वळा. बोटांना चिकटत असेल तर पाण्याचा अंश आहे. मऊ वात सरळ वळली गेली तर तूप सिद्ध झालं. खातरजमा करायची तर ती वात ज्योतीवर धरा: तडतड आवाज आला तर पाणी उरलंय, शांतपणे जळली तर नाही. वात कडक होऊन भुगा पडायला लागला तर पाक पुढे गेला, ते तूप पोटात घेऊ नका. सिद्ध तूप गरम असतानाच कापडातून गाळा. पाण्याचा अंश राहिलेलं तूप खवट होतं किंवा बुरशीतं, म्हणून वातीची परीक्षा टाळू नये.

मात्रा अर्धा ते एक चहाचा चमचा, कोमट दुधाबरोबर. कोलेस्टेरॉल किंवा हृदयविकार असेल तर हे तूप दिवसाच्या एकूण तुपात मोजा.

आठवी पायरी: सुरुवात आणि नोंद

सुरू करण्याआधीच्या आठवड्यात स्वतःची परीक्षा घ्या. पंधरा शब्दांची यादी करा, एकमेकांशी संबंध नसलेल्या वस्तूंची. उदाहरणार्थ: लिंबू, चावी, घोडा, आरसा, वाळू, शिक्षक, कात्री, नदी, टोपी, मिरची, खिडकी, पतंग, गादी, ढोलकी, पाऊस. घरातल्या कुणीतरी सेकंदाला एक या वेगाने वाचावी, तुम्ही आठवतील तेवढे शब्द कुठल्याही क्रमाने सांगावेत. असं तीन वेळा. तिसऱ्या वेळचा आकडा लिहा. मग अर्धा तास दुसरं काम करा, आणि यादी पुन्हा न ऐकता सांगा. तोही आकडा लिहा. या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे अर्ध्या तासात निसटलेले शब्द. ब्राह्मीकडून अपेक्षा असेल ती हा फरक कमी होण्याची.

सरावानेही आकडे वाढतात. म्हणून सुरुवातीलाच वेगवेगळ्या याद्या घेऊन दोन-तीनदा परीक्षा द्या आणि शेवटचा निकाल पाया धरा. पुढे दर तीन आठवड्यांनी नवी यादी, पण दिवसाची वेळ तीच, वाचणारी व्यक्तीही शक्यतो तीच.

पहिला आठवडा निम्मी मात्रा घ्या, कायम जेवणानंतर. ब्राह्मीचा सगळ्यात जास्त दिसणारा त्रास पोटाचा आहे: मळमळ, पोटात पेटके, शौचाला जास्त वेळा होणं. रिकाम्या पोटी तो वाढतो. काहींना थोडी गुंगी येते, त्यांनी रात्रीच्या जेवणानंतर घ्यावी आणि गुंगी येते का हे कळेपर्यंत घेतल्यावर गाडी चालवू नये. दूध किंवा तुपाबरोबर घेतल्याने पोट सांभाळलं जातं. आठवडाभर काही त्रास नसेल तर पूर्ण मात्रेवर या. त्रास होत असेल तर मात्रा कमी करून पाहा. तरीही थांबत नसेल तर बंद करा, रेटून नेऊ नका. नाडी संथ वाटणं, चक्कर, अंगावर पुरळ, डोळे किंवा लघवी पिवळी होणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा.

या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका. ब्राह्मीबरोबरच बदाम, शंखपुष्पीचं सरबत, नवी मल्टीव्हिटॅमिनची गोळी असं सगळं एकदम सुरू केलं तर कशाने काय झालं ते कधीच कळणार नाही.

नववी पायरी: बाराव्या आठवड्यानंतर

बाराव्या आठवड्याच्या शेवटी सुरुवातीला पाया धरलेले आकडे आणि आताचे आकडे शेजारी ठेवा. वहीसोबत घरातल्या माणसांनाही विचारा, त्यांना आपल्याला न दिसलेला फरक दिसलेला असतो. फरक काहीच नसेल तर थांबवा. मात्रा दुप्पट करून आणखी तीन महिने घालवण्यात अर्थ नाही, आणि तसा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका.

फरक असेल तर महिनाभर सुट्टी घ्या आणि पुन्हा तीच शब्दांची परीक्षा द्या. बहुतेक अभ्यास तीन महिन्यांच्या आसपासच थांबले आहेत, त्यामुळे वर्षानुवर्षं सलग घेण्यापेक्षा तीन महिने घेऊन मध्ये खंड पाडणं मला जास्त सुरक्षित वाटतं. सुट्टीतही आकडे टिकले तर ब्राह्मीची गरज नाही. घसरले तर पुढचे तीन महिने पुन्हा घेता येतील. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना आपण काय घेत होतो ते चूर्णाच्या किंवा कॅप्सूलच्या डब्यासकट दाखवा.